कन्येचा गुरू आणि हस्ताचा हत्ती

दर बारा वर्षांनी नृसिंहवाडीला कन्यागताचा पर्वकाळ येतो. एरवीही पौर्णिमेला आणि गुरुद्वादशीला गजबजणारी ही वाडी त्या वर्षी माणसांनी फुलून जाते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नानाला गर्दी लोटते, श्रींची पालखी वाजतगाजत शुक्लतीर्थाला जाते, आणि या काळात प्रत्यक्ष गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी भाविकांची श्रद्धा असते. नाशिकच्या गोदावरीला जसा सिंहस्थ, तसा आपल्या कृष्णेला कन्यागत. १९८०, १९९२, २००४ आणि २०१६ या साली तो आला. यापुढचा २०२७-२८ मध्ये आहे.

या सगळ्या सोहळ्याचे कारण विचाराल तर चारच शब्दांत सांगतात : "गुरू कन्या राशीत आला." वाक्य इतके ओळखीचे आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कुणाला सहसा वाटत नाही. गुरू म्हणजे आकाशातला एक ग्रह, हे ठीक. तो सूर्याभोवती एक फेरा ११.८६ वर्षांत पुरा करतो, म्हणजे ढोबळमानाने वर्षाला एक रास ओलांडतो, हेही शाळेत शिकलेले असते. (बारा वर्षांत हा जो थोडासा फरक उरतो तो साचत जातो आणि कधीतरी एखादा पर्वकाळ अकराव्याच वर्षी येतो. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ साली भरला तो यामुळेच.) पण 'कन्या' म्हणजे काय? ती कुठे आहे? तिची हद्द कुठे सुरू होते आणि ती कुणी आखली? आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला खगोलगणित येत नाही. तरीही हा प्रश्न आमच्याच अभ्यासाचा आहे असे मला वाटते. कारण आकाशात फक्त ठिपके आहेत. त्यांतून कन्या, हत्ती, खाट आणि तिफण काढली ती माणसाने, आणि माणसाने काढलेल्या गोष्टींचा अभ्यास हाच तर आमचा विषय!

प्रथम कन्येचे चित्र पाहू. उन्हाळ्यातल्या एखाद्या निरभ्र रात्री ही रास पाहायला गेलात तर बहुधा निराशाच पदरी येईल. चित्रा हा एक शुभ्र, ठळक तारा सोडला तर बाकीचे तारे मंद आहेत. ते कसेही जोडले तरी मुलगी काही दिसत नाही. वराहमिहिराने 'बृहज्जातका'त राशींची रूपे सांगताना कन्येला नावेत बसवले आहे आणि तिच्या हाती धान्य व अग्नी दिला आहे. त्याहून कितीतरी जुन्या बाबिलोनी लोकांना याच जागी नांगराची तास आणि धान्याचे कणीस दिसत होते. चित्रेचे युरोपातले नाव स्पायका. लॅटिन भाषेत त्याचा अर्थही कणीसच. म्हणजे नाव आणि चित्र बदलत गेले, पण कणीस मात्र अडीच-तीन हजार वर्षे कुणी हातचे सोडलेले नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बारा राशींची कल्पना आपल्याकडे बाबिलोनमधून ग्रीकांच्या मार्फत आली. 'वेदांगज्योतिषा'त नक्षत्रे आहेत, राशी नाहीत. सत्तावीस नक्षत्रे ही आपली जुनी मिळकत. मेष, वृषभ, मिथुन ही नंतर आलेली पाहुणी मंडळी. पण ती घरात अशी काही रुळली की आज त्यांना परके म्हणणे अवघड आहे, आणि म्हणण्याचे कारणही नाही. शब्द, वाद्ये आणि भाज्या जशा आल्या तशाच राशीही आल्या.

चित्र झाले, आता हद्द. सूर्य, चंद्र आणि ग्रह आकाशात ज्या वाटेने फिरताना दिसतात ती वाट म्हणजे एक वर्तुळ, ३६० अंशांचे. त्याचे बारा सारखे तुकडे केले की प्रत्येक ३० अंशांचा, ती रास. सत्तावीस तुकडे केले की प्रत्येक १३ अंश २० कलांचा, ते नक्षत्र. म्हणून एका राशीत सव्वादोन नक्षत्रे बसतात. कन्येच्या वाट्याला उत्तरेचे शेवटचे तीन चरण, संपूर्ण हस्त आणि चित्रेचे पहिले दोन चरण येतात. पंचांगातली कन्या ती हीच : तीस अंशांची एक पट्टी. तिच्यात मुलगी दिसते की नाही याच्याशी पंचांगाला कर्तव्य नाही.

याशिवाय तिसरी एक कन्या आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने १९२२ साली साऱ्या आकाशासाठी ८८ तारकासमूहांची यादी नक्की केली. पुढे बेल्जियमच्या देल्पोर्त या ज्योतिर्विदाने त्यांच्या सीमा आखून दिल्या व त्या १९३० साली प्रसिद्ध झाल्या. या सीमा म्हणजे आकाशाचे भूमापनच. शिरोळ तालुका कुठे संपतो आणि हातकणंगले कुठे लागतो हे उसाच्या शेतात उभे राहून दिसत नाही, नकाशातच पाहावे लागते, तसेच हे. या मोजणीत कन्येला मोठा तुकडा मिळाला आहे. सूर्याला तो ओलांडायला सुमारे ४४ दिवस लागतात. उलट वृश्चिकाच्या वाट्याला जेमतेम सात दिवस आले आहेत! पंचांगात मात्र दोघींना सारखाच, महिनाभराचा मुक्काम.

आता २०१६ सालचा पर्वकाळ घेऊ. ११ ऑगस्टच्या रात्री गुरूने कन्येत प्रवेश केला. गंमत अशी की पंचांगातली सिंह-कन्येची सीमा आणि खगोल संघटनेची सिंह-कन्येची सीमा या जवळजवळ एकाच जागी पडतात. त्यामुळे त्या आठवड्यात दोन्ही हिशेबांनी गुरू कन्येत आला होता. हा निव्वळ योगायोग आहे. कन्येच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही हिशेबांत चांगलाच फरक पडतो : पंचांगातली कन्या चित्रेपाशी संपते, खगोल संघटनेची त्यापुढेही बरीच पसरलेली आहे. ज्या जागी गुरूने ही सीमा ओलांडली तिथे एकही ठळक तारा नाही. शिवाय दिवस श्रावणातले, आपल्याकडे ढग. गुरूही सूर्यास्तानंतर दोनेक तासांत मावळणारा. तेव्हा संगमावर स्नान करणाऱ्या लोकांपैकी गुरूला कन्येत शिरताना कुणी पाहिले असेल असे वाटत नाही. ज्याला तो योग डोळ्यांनी पाहायचा होता त्याने २०१७ चा एप्रिल गाठायला हवा होता. त्या महिन्यात चित्रेजवळ गुरू रात्रभर असा काही तळपत होता की आकाशाकडे कधी मान वर न करणाराही क्षणभर थबकावा.

पण हीच सीमा ३० अंशांच्या हिशेबाने नेमकी तिथे का? वर्तुळाला आरंभ नसतो. बारा तुकडे करायचे तर सुरुवात कुठून तरी करावी लागते, आणि या 'कुठून तरी'वरच आपल्या पंचांगकर्त्यांचा मोठा वाद झाला आहे. एक पक्ष म्हणतो, चित्रा तारा मध्यावर धरा आणि तिच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून मेष मोजा. ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर यांनी हा चित्रापक्ष मांडला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीनेही हीच दिशा धरली. सोलापूरचे दाते पंचांग याच पक्षाचे. दुसरा पक्ष म्हणतो, रेवती नक्षत्रातला अमुक एक मंद तारा हाच आरंभ. लोकमान्य टिळकांच्या नावाने चालणारे टिळक पंचांग या पक्षाचे आहे. दोन आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. चार अंश म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीच्या निम्म्याहूनही कमी; पण गुरूला तेवढे चालायला जवळजवळ तीन आठवडे लागतात. म्हणजे टिळक पंचांगाप्रमाणे कन्यागत ११ ऑगस्टच्या बरेच आधी, जुलैतच सुरू झाले होते.

युरोपातल्या ज्योतिषांचा हिशेब आणखी निराळा. ते ताऱ्यांना न धरता वसंतसंपातापासून राशी मोजतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत असल्यामुळे हा संपातबिंदू ताऱ्यांमधून सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. त्याचा फेरा जवळजवळ २६ हजार वर्षांचा आहे. त्यामुळे त्यांच्या राशी आणि आपल्या राशी यांत आता २४ अंशांचा फरक पडला आहे. त्यांच्या हिशेबाने गुरू 'कन्येत' आला तो ११ ऑगस्ट २०१५ ला, बरोबर एक वर्ष आधी. त्या दिवसांत नाशिकला गुरू सिंहेत म्हणून सिंहस्थ चालू होता! ग्रह एकच, आकाश एकच. आणि एकाच दिवशी तो सिंहेतही आणि कन्येतही. यात कुणी खोटे बोलत नाही. प्रत्येकाने फूटपट्टीचे शून्य वेगळ्या जागी ठेवले आहे, इतकेच.

राशींपेक्षा नक्षत्रे आपल्या जगण्यात अधिक खोल रुतलेली आहेत, आणि त्यातही कन्येतले हस्त नक्षत्र मला विशेष गमतीचे वाटते. हस्त म्हणजे हात. आकाशात पाच तारे हाताच्या पाच बोटांसारखे मांडलेले दिसतात म्हणून हे नाव. विशेष हे की कन्या राशीच्या मधोमध गणले जाणारे हे हस्ताचे तारे खगोल संघटनेच्या कन्येत मुळी नाहीतच. ते शेजारच्या एका लहानशा समूहात आहेत. युरोपात त्या समूहाला कावळा म्हणतात. चिनी लोकांच्या अठ्ठावीस चांद्रस्थानांत याच चार-पाच ताऱ्यांचा रथ होतो. हात, कावळा आणि रथ! तिघांनी तारे तेच निवडले, एकत्रही तेच बांधले, पण नाव देताना प्रत्येकजण आपापल्या घरी गेला.

आपण तर याहून पुढे गेलो. सूर्य हस्त नक्षत्रात येतो तो २७ सप्टेंबरच्या सुमारास. त्या वेळी पडणाऱ्या गडगडाटी पावसाला आपल्याकडे 'हत्तीचा पाऊस' म्हणतात. हस्तचा झाला हस्ती, आणि हस्तीचा हत्ती. आकाशातला हात जमिनीवर येईतो सोंड हलवू लागला. मग त्या दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळांतून आणि अंगणांतून मुलींचा हादगा मांडला जातो, पाटावर हत्ती काढतात, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायला लावतात. पुण्याकडे यालाच भोंडला म्हणतात, विदर्भात भुलाबाई. आता बहुतेक ठिकाणी नवरात्राशी सांगड घालून एखाद-दुसऱ्या दिवशी हे उरकतात. पण हादगा मुळात हस्ताचा, सोळा दिवसांचा. शब्दाच्या एका चुकार वळणाने आकाशातली आकृती बदलते आणि त्या बदललेल्या आकृतीभोवती मुलींच्या पिढ्यान्पिढ्या फेर धरतात, याइतके सुंदर उदाहरण भाषाशास्त्राच्या पुस्तकात शोधूनही मिळणार नाही.

पावसाच्या नक्षत्रांची आणखी एक खुबी आहे. ७ किंवा ८ जूनला मृग निघाला की कुळवाडी आभाळाकडे डोळे लावतो. मृगामागून आर्द्रा, मग पुनर्वसूचा 'तरणा' पाऊस, पुष्याचा 'म्हातारा', पुढे मघा-पूर्वांच्या सासवा-सुना, अशी ही यादी आपल्या आज्यांना तोंडपाठ असते. यातले प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालते. पण मृगाच्या पावसात मृगाचे तारे दिसतात का? दिसत नाहीत; दिसणे शक्यच नाही. मृग निघाला याचा अर्थ सूर्य मृगात गेला, म्हणजे ते तारे सूर्याबरोबरच उगवतात आणि सूर्याबरोबरच मावळतात. ढग नसते तरी उजेडात लोपले असते. मृगाचे हरिण आणि त्याच्यामागे लागलेला व्याध डौलात दिसतात ते हिवाळ्यात. तेव्हा शेतकऱ्याचे नक्षत्र हे डोळ्यांनी पाहायचे नक्षत्र नाही. ते काळाच्या एका तुकड्याचे नाव आहे. ताऱ्यांची नावे आभाळातून उतरून कॅलेंडरवर येऊन बसली, आणि वर मूळ मालक आहेत याचा विसर पडत गेला. महिन्यांचेही तेच. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ असतो तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख. आपण चैत्र म्हणतो तेव्हा एका ताऱ्याचे नाव घेत असतो.

आता मुळाकडे जाऊ. माणसाला ठिपक्यांतून आकृती दिसतेच कशी?

कागदावर दहा-बारा ठिपके वाटेल तसे काढा आणि शेजाऱ्याला दाखवा. तो लगेच जवळजवळचे ठिपके एका गटात टाकील, ठळक ठिपके एकमेकांना जोडील, आणि तीन ठिपके एका रेषेत आले तर ती रेषा त्याच्या डोळ्यांत आधी भरेल. हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. दृष्टीचा तो स्वभावच आहे. २०२२ साली मेलबर्न विद्यापीठातल्या चार्ल्स केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या २७ संस्कृतींमधले तारकासमूह एकत्र ताडून पाहिले. तारे किती ठळक आहेत आणि एकमेकांच्या किती जवळ आहेत, एवढ्याच दोन गोष्टी गणकयंत्राला दिल्या तरी पुष्कळसे गट आपोआप पडतात असे त्यांना आढळले. कृत्तिकांचा पुंजका, मृगातले तीन तारे, सप्तर्षींचे सात, हे गट एकमेकांची तोंडेही न पाहिलेल्या लोकांनी स्वतंत्रपणे बांधलेले आहेत. म्हणजे गट बांधणे हे डोळ्यांचे काम आणि त्याला नाव देणे हे घरादाराचे, शेताभाताचे, पुराणांचे काम.

याचा पुरावा पाहायला चीनपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, विदर्भातल्या गोंडांच्या ताराज्ञानाचा अभ्यास मयंक वाहिया आणि गणेश हळकारे या संशोधकांनी केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. गोंडांच्या आकाशात सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांचा चौकोन ही एका म्हातारीची खाट आहे. मागचे तीन तारे म्हणजे तीन चोर. ते खाट पळवायला टपलेले आहेत, म्हणून बिचारी म्हातारी झोपत नाही. आपण जिथे मरीची, वसिष्ठ, अंगिरस पाहतो तिथे त्यांना चोर दिसतात, हे ऐकून कुणाला राग येईल. मला तर ती खाट फार आपली वाटते. पुराणे आपल्याला ऋषी देतात, पण उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून आभाळ पाहणाऱ्याला वर खाटच दिसणार! मृगातल्या तीन ताऱ्यांचेही असेच. ऐतरेय ब्राह्मणातल्या कथेत तो हरिणरूपी प्रजापतीला लागलेला बाण आहे. याच कथेचा धागा धरून टिळकांनी १८९३ च्या आपल्या 'ओरायन' या इंग्रजी ग्रंथात वेदांचा काळ मोजण्याचा प्रयत्न केला. गोंड शेतकऱ्याला तिथे बाण दिसत नाही. त्याला दिसते पेरणीची तिफण. तीन तारे, तीन नळ्या. ही कल्पना तर मला वेदांइतकीच अचूक वाटते.

एक मात्र खरे की या आकृती केवळ आपल्या जागेवरून आहेत. तारे एका पडद्यावर टाचलेले नाहीत; कुणी जवळ, कुणी दूर. सप्तर्षींतले मधले पाच तारे आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत आणि खरोखरच एका कुटुंबाचे, एकाच दिशेने चाललेले आहेत. पण दोन टोकांचे क्रतू आणि मरीची यांचा त्या कुटुंबाशी संबंध नाही. ते शंभराहून अधिक प्रकाशवर्षांवर आहेत आणि वेगळ्याच दिशेला निघाले आहेत. तेव्हा सात ऋषींमध्ये खरे गुरुबंधू पाचच. दोघे नुसते त्या रांगेत उभे असलेले दिसतात. चित्रा त्यांच्याहूनही कितीतरी दूर, सुमारे २५० प्रकाशवर्षांवर; आज आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश पेशवाईत निघालेला आहे. सप्तर्षींचे टोक असलेल्या मरीचीवर बसून कुणी पाहिले तर आपले सप्तर्षीही नाहीत, आपला हातही नाही. तिथल्या आज्या वेगळ्या गोष्टी सांगत असतील.

इथपर्यंत सारे गोड आहे. हादगा, खाट, तिफण, कन्यागत यांनी कुणाचे काही बिघडत नाही. उलट माणसे एकत्र येतात. पण याच रेषा दुसऱ्या एका ठिकाणीही वापरल्या जातात, आणि तिथे त्या मुकाट्याने स्वीकारणे मला पटत नाही. "मुलगी मूळ नक्षत्राची आहे" एवढ्या वाक्यावर जुळत आलेले लग्न फिसकटलेले आपल्यापैकी अनेकांनी ऐकले-पाहिले असेल. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याच्या मुळावर, आश्लेषाची सासूच्या, असे सांगतात. मुलगी शिकलेली असो, सद्गुणी असो; पत्रिका परत येते. घरच्यांना कारणही धड सांगत नाहीत, आणि ती मुलगी आपल्याच अंगात काही खोट आहे असे समजून बसते.

मूळ म्हणजे काय, ते आता आपल्याला सांगता येईल. वृश्चिकाच्या शेपटीच्या टोकाशी दोन तारे जोडीने चमकतात, ते मुळाचे. आणि मूळ 'लागते' म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र त्या १३ अंश २० कलांच्या पट्टीत असतो. चंद्र ही पट्टी साधारण एका दिवसात ओलांडतो. ती पट्टी कुठे सुरू होते? जिथून आपण मोजायला लागलो तिथून. चित्रापक्ष आणि रेवतीपक्ष यांत चार अंशांचे अंतर आहे हे वर आलेच. चंद्राला तेवढे चालायला साडेसात तासांच्या आसपास लागतात. म्हणजे दाते पंचांगाप्रमाणे ज्येष्ठेच्या शेवटच्या साडेसात तासांत जन्मलेली मुलगी टिळक पंचांगाप्रमाणे मूळ नक्षत्राची ठरते. आणि दात्यांच्या मुळाच्या शेवटच्या साडेसात तासांत जन्मलेली टिळकांच्या हिशेबाने मुळाची राहतच नाही, ती पूर्वाषाढेत जाते. दोन्ही पंचांगे गणिताने शुद्ध आहेत. दोघांचा चंद्र एकाच ठिकाणी आहे. फरक फक्त शून्य कुठे मांडले याचा. मग सासऱ्याचे आयुष्य कोणत्या पंचांगावर अवलंबून धरायचे? हा प्रश्न मी पत्रिका पाहणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांना विचारला. ते म्हणाले, "आपल्या घराण्यात जे पंचांग चालते ते." उत्तर प्रामाणिक होते. पण घराणे बदलले की नक्षत्र बदलते असे मान्य केल्यावर दोष त्या मुलीचा कसा उरतो, हे त्यांनाही सांगता आले नाही. चहा मात्र आग्रहाने दिला.

असो. ज्यांना हे तारे प्रत्यक्ष पाहायचे आहेत त्यांनी मेच्या मध्यात, परीक्षा आटोपल्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास वाडीला जावे. घाटावर दिवे फार. तेव्हा गावाबाहेर एखाद्या उसाच्या बांधावर उभे राहावे. उत्तरेकडे तोंड करा. क्षितिजापासून वर, लांब केलेल्या हाताच्या एका वितीहून थोडा कमी उंचीवर ध्रुव आहे. ही उंची सुमारे १७ अंश, आणि वाडीचा अक्षांशही तेवढाच. ध्रुवाची उंची मोजली की आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते कळते. वर सप्तर्षी असतील. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवत न्या. प्रथम नारिंगी स्वाती लागेल, आणि तीच कमान दक्षिणेकडे वळवली की शुभ्र चित्रा. आता दक्षिणेकडे तोंड करा. चित्रेच्या उजव्या हाताला, थोडे खाली, लहानसा चौकोन दिसेल. त्याच्या एका कोपऱ्याशी पाचवा तारा आहे. तो हस्त. त्याच्या बरोबर खाली, क्षितिजाजवळ धुरळा नसेल तर, विश्वामित्राने अधांतरी ठेवलेला त्रिशंकू चार ताऱ्यांत उभा दिसतो. दिल्लीच्या लोकांना तो पुरता दिसत नाही, आपल्याला दिसतो. चौकोनात हात दिसतो की कावळा, ते ज्याने त्याने पाहावे. बरोबर धाकटी बहीण असेल तर तिला आधी काही सांगू नये; तिला काय दिसते ते विचारावे.